नाकावरचा भरवसा

७ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहिलं की तू म्हणतेस, मला एवढ्यात फोटोत बसवू नकोस. म्हणून नुसतं मावशी.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. दादाला सांग, जिना चढताना पुढे पळू नकोस म्हणावं, आईचा हात धर. फोन करावा तर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि तू सगळ्यालाच 'हो, हो' म्हणतेस. त्यापेक्षा कागद बरा.

इकडे सगळं ठीक. ह्यांची बस आता सकाळच्या पाळीला लागली आहे, त्यामुळे चार वाजता माणूस घरात असतो आणि मला 'चहा कुठे' विचारतो. चिमणीचे पुढचे दोन दात पडले. 'स' म्हणायला गेली की वारा सुटतो, आणि मग स्वतःच हसत बसते. गेल्या महिन्यात घरात सगळ्यांना ताप येऊन गेला हे मागे लिहिलंच होतं. आता सगळे हिंडतेफिरते आहेत. मीही.

वृद्धाश्रमात सगळे तुझी आठवण काढतात. तू नोकरी सोडून दोन वर्षं झाली, तरी आजोबा मंडळी कोठीघराला अजून 'मावशींची कोठी' म्हणतात. मी तिथली कोण, तर मावशींची भाची. तुझी रचना मी काही हलवलेली नाही. तांदळाची पत्र्याची टाकी खिडकीखाली, तिच्या खालच्या झडपेला अजून तसाच धक्का द्यावा लागतो. तेलाचा नळवाला डबा, डाळींच्या बरण्या, मोरीच्या बाजूला साबणाचं पिंप आणि त्याचा हातपंप, सगळं जागच्या जागी.

फक्त माल देणारा बदलला. नवा माणूस पातळ म्हणून जे जे असतं ते सगळं एकाच तऱ्हेच्या पांढऱ्या कॅनमध्ये आणतो. व्हिनेगर त्यात, पाक त्यात, लादी पुसायचं औषध त्यात, आणि मोठ्या भांड्यांतला क्षार काढायचं ॲसिडही त्यातच. झाकणं सगळ्यांची निळी. तळहाताएवढी एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तीही पाण्याचा हात लागला की निघते. मी त्याला म्हटलं, "अहो, रंग तरी वेगळे द्या." तो म्हणाला, "ताई, झाकण उघडलं की कळतंच की."

तू हेच म्हणायचीस ना? कागदावर जाऊ नकोस, नाकावर जा. मी आता सगळ्या डब्यांवर तेलरंगाने नावं घातली आहेत. आचारीकाका हसतात. हसू देत.

एक विचारायचं होतं, सहज. सर्दी उतरल्यावर नाक किती दिवस चोंदलेलं राहतं गं? तुला एकदा झालं होतं ना असं?

तब्येतीला जप.

तुझी
ठकी

२९ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं खरमरीत पत्र मिळालं. दादाला वाचून दाखवत असशील तर हे नको दाखवूस, तो चिडवत बसेल.

'डब्यांवर नावं लिहायला कोठी म्हणजे शाळा आहे का,' असं तू लिहिलंस. तुझं बरोबर आहे. तू तेवीस वर्षं एकही चिठ्ठी न लावता चालवलंस आणि कधी चिमूटभर वावगं झालं नाही. पण मला नावं लागतात. माणसामाणसात फरक असतो.

आणि मी आणखी एक नियम केलाय, तोही तुला आवडणार नाही. रिकाम्या बाटल्या पुन्हा भरायच्या नाहीत. झाडणाऱ्या बाईने सरबताच्या बाटलीत लादीचं औषध भरून ती चक्क डाळींच्या फळीवर ठेवली होती. रंगही तसाच, गुलाबी. मी हातात घेतली, पेल्यात ओतायला झुकवली आणि तेवढ्यात तिनेच ओरडून सांगितलं. बाटली माझ्या हातात होती, मावशी. उघडी. नंतर मी तिला इतकी बोलले की ती रडली. तिला वाटलं मी तिच्यावर रागावले.

त्या दिवसापासून घरीसुद्धा मी खात्री करून घेते. चिमणीला पाणी द्यायचं तर आधी मी घोट घेते. ह्यांनी विचारलं, "राजाचं जेवण आहे का, आधी चाखायला?" मी म्हटलं, कोमट आहे का बघते.

परवा एक गंमतच झाली. दूध गॅसवर ठेवून मी गच्चीवर कपडे काढायला गेले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस तसाच चालू. चिमणी शेजारून खेळून आली आणि दारातूनच नाक धरून म्हणाली, "आई, घाण वास येतोय." तोवर मी आलेच होते. खिडक्या उघडल्या, काही झालं नाही. सात वर्षांची पोर, पण तेव्हापासून घरात शिरली की आधी स्वयंपाकघरात जाते आणि बटणं बघते. शेजारीण म्हणाली, मुलगी गुणी आहे. आहेच.

आचारीकाका मात्र हल्ली फार बोलतात. मी त्यांना दोन-चारदा म्हटलं, जरा हे तेल बघा हो, खवट नाही ना. दूध बघा. कालवण बघा. काल म्हणाले, "ताई, तुमचं नाक काय भाड्याने दिलंय का?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आता त्यांना विचारायची सोय राहिली नाही.

मावशी, तू मॅनेजरबाईंना माझ्याबद्दल शब्द दिला होतास तेव्हा नेमकं काय म्हणाली होतीस? मला आठवतंय, 'माझं नाक घेऊन जन्माला आली आहे' असं. की दुसरं काही?

असो. गुडघ्याला शेक घे.

तुझी
ठकी

१६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. 'काहीतरी लपवते आहेस, अक्षर वाकडं येतंय' असं लिहिलंस. अक्षर थंडीमुळे वाकडं येतं असं मी उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं. आज सरळ लिहिते.

मला वास येत नाही. तापात गेला तो आलाच नाही. सर्दी केव्हाच गेली, नाक मोकळं आहे, श्वास नीट येतो-जातो आणि त्यात काहीच नसतं. कॉफी नाही, साबण नाही, जळकं नाही, नासकं नाही. आधी मला वाटलं आठवड्यात येईल. मग वाटलं महिन्यात येईल. रोज सकाळी उठल्यावर मी तेलाच्या डब्याचं झाकण उघडून नाक आत घालते, आणि रोज झाकण तसंच लावते.

त्या दिवशी मी गच्चीवर गेलेच नव्हते. ओट्याला पाठ लावून खाली मटार सोलत बसले होते. दूध उतू गेलेलं मला दिसलं नाही, कारण माझी पाठ होती, आणि गॅस माझ्या डोक्यावर किती वेळ सुटत होता कोण जाणे. चिमणी आली नसती तर थोड्या वेळाने मी भाजी करायला उठून काडीच ओढली असती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तेव्हापासून मला आमच्या स्वयंपाकघराची भीती वाटते. आंघोळीला गेले तरी मध्येच बाहेर येऊन बटण बघते.

ह्यांना एवढंच माहीत आहे की नाक जरा बंद आहे. नोकरीचं अजून त्यांच्या डोक्यात आलेलं नाही. स्वतः बस चालवतात, तेव्हा कोठीवाल्या बाईचं नाक गेलं म्हणजे ड्रायव्हरचे डोळे गेले, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही, म्हणून तर सांगत नाही.

आता परवाचं सांगते.

सकाळी माल आला. भर अवकाळी पावसात गाडी उघडी ठेवून त्याने कॅन उतरवले, त्यामुळे दोन कॅनच्या चिठ्ठ्या गेल्या. एकात व्हिनेगर, एकात ॲसिड. दोन्ही पाण्यासारखी. जेवणाची वेळ होत आलेली, टेबलांवरच्या व्हिनेगरच्या बाटल्या रिकाम्या, आणि वाढणाऱ्या दोघी त्या बाटल्यांचा ट्रे घेऊन दारात उभ्या. आचारीकाका बाजारात गेले होते. गाडीवालाही तिथेच, सही घ्यायला थांबलेला.

झाडणारी बाई म्हणाली, "बाई, यातलं कुठलं?"

मी दोन्ही झाकणं उघडली. एकावर वाकले, मग दुसऱ्यावर. दोन्हींनी नाकात बारीक चुणचुण झाली, बस. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणू शकले असते, तू बघ गं जरा. एवढंच म्हणायचं होतं. पण मला आचारीकाकांचं ते भाड्याचं बोलणं आठवलं, आणि गाडीवाला हसेल असं वाटलं, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, आता विचारलं तर सगळ्यांना सगळंच कळेल असं वाटलं. मी मान हलवली, म्हटलं, "हे." डाव्या हाताचा कॅन. तो का? मला जवळ होता म्हणून.

नरसाळं लावून मी स्वतः बाटल्या भरल्या. हात कापत नव्हता, हे मला आता सगळ्यात भयंकर वाटतं. ट्रे गेला. गाडीवाल्याच्या कागदावर सही केली. तो म्हणाला, "मावशींचंही असंच होतं म्हणे, झाकण उघडायचं की झालं." आणि गेला.

मग कोठीत मी एकटी आणि तो दुसरा कॅन.

आपले टपालवाले आजोबा आठवतात ना, खिडकीच्या टेबलावरचे? सूप आलं की आधी व्हिनेगर मारतात, चव बघायच्याही आधी. तू त्यांना त्यावरून रागवायचीस. ते माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मी पळाले. ओल्या व्हरांड्यात पाय घसरला, भिंत धरली, पुन्हा पळाले. जेवणघरात पोचले तेव्हा बाटली त्यांच्या हातात होती. मी ती हिसकावली. सूप सांडलं, त्यांच्या पायजम्यावर सांडलं, ते दचकून माझ्याकडे बघत राहिले. मग टेबलाटेबलावरून मी बाटल्या उचलत सुटले. दोन आज्यांनी आधीच काकडीवर घातलं होतं. त्यांच्या ताटल्या ओढून घेतल्या. एक म्हणाली, "अगं, मी खाल्लं की एक फोड." मावशी, त्या फोडीनंतर आचारीकाका येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते मला लिहिता येत नाही. मी त्या आजीचा हात धरून तिच्या तोंडाकडे बघत उभी होते. ती बिचारी विचारत होती, "काय झालं? मला काय होणार आहे?"

काका पिशव्या घेऊन आले. एक बाटली उघडली, नाकाजवळ नेली, बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला.

"व्हिनेगर आहे ताई."

"नक्की?"

"चांगलं आंबट व्हिनेगर आहे. का, काय झालं?"

मी म्हटलं, चिठ्ठी नव्हती, मागाहून शंका आली. सगळं जेवणघर हसलं. टपालवाले आजोबा म्हणाले, "मग दोन थेंब तरी घेऊ द्या की आता." काकांनी कोठीत जाऊन दुसरा कॅन लांबूनच हुंगला आणि घाईने झाकण लावलं. मॅनेजरबाई आवाज ऐकून आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शंका आली तर धावायला लाज वाटत नाही, अशी माणसं हवीत." टाळ्या वाजवल्या गं माझ्यासाठी. काकडी खाल्लेल्या आजीनेसुद्धा.

मी कोठीत येऊन तांदळाच्या टाकीला टेकून खाली बसले.

झाकली मूठ तशीच राहिली. कुणाला काही कळलं नाही, उलट नाव झालं. पण उद्या पुन्हा कॅन येतील. डावा आणि उजवा. मला कोठीच्या किल्लीची भीती वाटते. आणि सोडायचीही भीती वाटते, कारण सोडली तर मी तिथली कोण? तू एवढा शब्द टाकलास, त्याचं मी हे केलं.

काय करू ते लिही. रागाव, पण लिही.

तुझी
ठकी

१० मार्च

प्रिय मावशी,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'आधी त्यांना सांग, मग मला लिही.' खाली सहीसुद्धा नाही. चार दिवस ते एप्रनच्या खिशात घेऊन हिंडले. त्या दिवसांत प्रत्येक बाटली मी कुणाला ना कुणाला हुंगायला लावली, लाज सोडून. पाचव्या दिवशी गेले आणि सांगितलं.

मॅनेजरबाईंनी आधी दार लावलं.

"कधीपासून?"

"तापापासून."

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत नव्हतं, कोणतं काय आहे."

"नव्हतं."

"आणि मी तुम्हाला शाबासकी दिली."

"हो."

"आणि तुम्ही ती घेतलीत."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "तुमच्या मावशीला मी काय सांगू?" मी म्हटलं, तिनेच पाठवलंय. त्यावर त्यांनी हात पुढे केला आणि मी किल्ली दिली.

काढून नाही टाकलं. कोठी आचारीकाकांकडे गेली आणि मला कपड्यांच्या खोलीत घेतलं, चादरी, टॉवेल, अभ्रे. त्यांना वाटतं चादरींना नाक लागत नाही. लागतं गं. कोणती बदलायची ते सांगणार कोण? पण धुलाईवाली बाई समजूतदार आहे. तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ती म्हणाली, "इथे वास न येणं हे वरदान आहे, बस निवांत." मी खूप दिवसांनी खरंखुरं हसले. काकडीवाल्या आजीला जाऊन सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं नशीब चांगलं होतं." रागाने नाही. पण हल्ली मी तिच्या खोलीत चादर बदलायला गेले की ती मी जाईपर्यंत पाण्याचा पेला हातातून खाली ठेवत नाही. पीतही नाही.

आचारीकाकांनी पहिल्याच आठवड्यात माल देणाऱ्याला वेगळ्या रंगाची झाकणं आणायला लावली. मी दोन महिने सांगत होते ते त्यांचं त्याने एका बोलण्यात ऐकलं. मला म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी तसं बोललो नसतो तर तुम्ही विचारलं असतं का?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

ह्यांना सांगितलं. त्या दिवशी मी गच्चीवर नव्हते तेही. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून भिंतीवर गॅस सुटला की वाजणारा भोंगा बसवला आणि मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, येईलही, न येईलही, वाट बघायची. चार लहान बाटल्या दिल्या आहेत, लिंबू, लवंग, गुलाब आणि एक निलगिरीच्या तेलाची. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि पूर्वी तो वास कसा होता ते आठवायचं. चिमणी माझे डोळे रुमालाने बांधते आणि एकेक बाटली धरते. "ओळख." मी काहीतरी ठोकून देते. ती म्हणते, "आई, हा लिंबू आहे, लिंबू." इतक्या हळू आवाजात सांगते, जणू मीच लहान आहे.

चिमणीच्या केसांचा वास नाही येत मला. हे डॉक्टरांनाही नाही सांगितलं. शाळेतून आली की मी अजून तिच्या डोक्यात नाक खुपसते, तोही वास गेलाय हे तिला कळू नये म्हणून.

मावशी, आता एक मागायचं आहे, आणि त्यासाठीच खरं तर हे पत्र.

आई गेली तेव्हा तू मला तिची शाल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून दिली होतीस. म्हणाली होतीस, फार उघडू नकोस, उघडलं की थोडी थोडी जाईल. मी खरंच नाही उघडायचे. लग्नाच्या आधी एकदा, चिमणी झाली तेव्हा एकदा. झाकण किलकिलं करायचं, एक श्वास घ्यायचा आणि बंद. तेवढ्यात ती सगळी यायची.

गेल्या रविवारी बाटल्या हुंगून झाल्यावर माझ्या मनात आलं, लिंबू-लवंगांनी काय होणार, मला जो वास सगळ्यात जास्त माहीत आहे तोच आणू. डबा काढला. झाकण पूर्ण उघडलं. शाल तोंडावर घेतली आणि श्वास घेत राहिले. काहीच नाही. आणखी जोराने घेतला. मग शाल उलगडली, दुसरी बाजू, आतली घडी. दुपारची वेळ, खिडकी उघडी, पंखा चालू, आणि मी शाल मांडीवर पसरून बसले होते. किती वेळ, ते कळलं नाही. चिमणी आली आणि विचारलं, "आई, काय शोधतेस?"

मी तिला म्हटलं, "बघ गं, कसला वास येतो?"

तिने शालीत तोंड घातलं. मग वर बघून म्हणाली, "डब्याचा."

मी घाईघाईने घडी घातली, झाकण लावलं, वर चिकटपट्टी फिरवली. पण तेव्हापासून एकच भीती मनात घर करून आहे. नोकरीची, गॅसची, कशाचीच एवढी नव्हती. मीच ती उडवून टाकली असेल तर? उद्या माझं नाक परत आलं आणि डब्यात नुसता पत्रा उरला असला तर? की चिमणीला आजी माहीतच नाही, म्हणून तिला ओळखता आली नाही?

हे सांगू शकेल असं जगात आता एकच माणूस आहे. दादा पुढच्या आठवड्यात इकडे कामाला येतोय, त्याच्याबरोबर डबा देते. खिडक्या लावून घे. एकदाच उघड, जरासाच. ती आहे की नाही, तेवढं लिही. माझं मन राखायला काही लिहू नकोस. नसेल तर 'नाही' एवढंच लिही आणि डबा तुझ्याकडेच ठेव.

उत्तर लवकर यावं असंही वाटतं, आणि कधी येऊच नये असंही.

तुझ्या बहिणीची मुलगी,
ठकी